मायच्या आवाजावरची गाणी

आमच्या जळगावच्या घराची पुढची खोली नानांच्या धंद्याने गिळली होती. नाना म्हणजे माझे वडील. आधी ते लग्नात नुसते फोटो काढायचे. मग एक दिवस खांद्यावर मावेना असा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आले. त्याच्यामागून टीव्ही आला, दोन व्हीसीआर आले, वायरींचं भेंडोळं आलं आणि आमचा पलंग मागच्या खोलीत गेला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं आमची शेजारीण म्हणायची. कोणी पाहुणा आला की त्याला थेट स्वयंपाकघरात बसवायचं, कारण पुढे नवऱ्या मुलीची वरात चाललेली असायची. चाललेली म्हणजे काय, तीच नवरी मांडवाकडे चार पावलं यायची, नानांनी बटण दाबलं की उलट्या पावली मागे जायची, पुन्हा यायची. दिवसभर ती मशीनची कुरकुर आणि मधूनच नानांचं "छ्या!". नानांचा आवाज मोठा. मांडवातल्या गर्दीला हाका मारून मारून तो तसा झाला होता आणि घरातही खाली यायचा नाही.

स्वयंपाकघरातून दुसरा आवाज यायचा, तो मायचा. आम्ही आईला माय म्हणायचो. तिचं माहेर पिंपळनेरकडचं. जळगावात येऊन वर्षं लोटली तरी तिने अहिराणी सोडली नव्हती. माझ्या शाळेतल्या बाईंशीसुद्धा ती त्याच बोलीत, तेवढ्याच ऐटीत बोलायची. पण खरं सांगायचं तर बोलायची कमी आणि गायची जास्त. खापरावर मांडा टाकताना गायची, ज्वारीचे बिबडे वाळत घालताना गायची, वांगी भाजताना धुराने डोळे चुरचुरले तरी गाणं सुरूच. तिच्या आवाजाला गोड म्हणता येणार नाही. जरा जाडसर, उन्हात तापलेला, आणि कडव्याच्या शेवटी किंचित वर उचललेला. जिच्या घरी हळद असेल त्या नवरीचं नाव, तिच्या भावांची नावं, तिच्या गावची नदी असं सगळं ती तिथल्या तिथे गाण्यात गुंफायची. बायका हसायच्या, रडायच्या आणि पुन्हा गा म्हणायच्या.

नानांचा धंदा चालला तो मायमुळे, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्या काळी आमच्याकडच्या हळदीत परका पुरुष शिरणं सोपं नव्हतं. बायका अंगणात जात्याभोवती, पाटाभोवती बसलेल्या, आणि हा माणूस डोळ्यांवर दिवा मारत आत येणार! दिसला की त्या पदर ओढून भिंतीकडे तोंड करायच्या. नानांची पहिली दोन-तीन लग्नं अशी नुसत्या पाठी टिपण्यात गेली. मग ते मायला बरोबर घेऊन जायला लागले. माय आधी आत जायची, नवरीच्या आईजवळ बसकण मारायची आणि गाणं उचलायची. बायका ओढीने गाण्यात शिरायच्या, कॅमेरा विसरायच्या, पदर खांद्यावर यायचे, आणि मग नाना दारातून हळूच आत सरकायचे. ते मोकळे चेहरे पाहून लोक म्हणायचे, शूटिंग करावं तर नानांनीच. सुट्टी असली की मीही जायचे. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीसाठी जायचे म्हणा, पण मायचं गाणं सुरू झालं की माझा हात ताटातच थांबायचा. ही माझी माय, असं ओरडून सांगावंसं वाटायचं.

आणि मग पुढच्या खोलीत ते गाणं काढून टाकलं जायचं. ह्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, हे आधी सांगून ठेवते. गिऱ्हाइकाला कॅसेटमध्ये सिनेमाची गाणी हवी असायची. हळदीला हळदीचं, पाठवणीला पाठवणीचं, नवरा-नवरीचे चेहरे फुलाच्या आकारात आले की प्रेमाचं. "नाना, ती गावाकडची गाणी तेवढी काढा बरं का, मुंबईचे पाहुणे बघणार आहेत," असं लोक जाताना बजावून जायचे. नानांनी मला हे काम समजावून सांगितलं होतं ते मायच्या लुगड्यावरून. कॅसेटच्या पट्टीवर चित्र असतं ते लुगड्याच्या अंगावर, आणि आवाज असतो तो काठावर. चित्राला धक्का न लावता जुना काठ उसवायचा आणि नवा लावायचा. एका व्हीसीआरमधून दुसऱ्यात चित्र घ्यायचं, मग टेपरेकॉर्डर जोडायचा, लाल बटण दाबायचं. गाणं जसजसं पुढे जाईल तसतसा खालचा आवाज पुसला जाणार. काठ एकच, त्यामुळे एका वेळी एकच आवाज राहणार. मूळ कॅसेट जपून ठेवायची चैन आम्हाला परवडणारी नव्हती. तीच पुढच्या लग्नाला वापरायची. स्वयंपाकघरात माय भाकरी थापत असायची आणि भिंतीपलीकडे नाना तिचा आवाज पुसत असायचे. कधी कधी पुसण्याआधीचा एखादा तुकडा ऐकू आला तर माय त्याच्यात आपला सूर मिळवायची आणि हसायची. गरज सरो वैद्य मरो म्हणतात ते हेच, पण तेव्हा आमच्यातल्या कोणाच्या मनात ही म्हण आली नाही.

परवा माझा नातू मोबाइलवर आमच्या सहलीचा व्हिडिओ जुळवत बसला होता. पडद्यावर एकाखाली एक पट्ट्या: चित्राची एक, बोलण्याची एक, गाण्याची एक, वाऱ्याच्या आवाजाचीसुद्धा वेगळी. हवी ती लहान करा, मोठी करा, काहीही पुसलं जात नाही. मला म्हणाला, "आजी, तू मागे बडबडतेयस, तो आवाज काढून टाकू?" मी त्याला इतक्या जोरात "नको" म्हटलं की पोरगं दचकलं. त्याला काय सांगणार? फार उशिरा आलं रे हे तुझं यंत्र, एवढंच मनात म्हटलं आणि उठून गेले.

मायचा आवाज बसला तेव्हा आम्ही खोकला समजलो. लगीनसराईत गाऊन गाऊन दरवर्षीच बसायचा. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, कोणी सांगितलं म्हणून मिरीचा काढा झाला. आवाज घोगरा झाला, मग खरखरीत झाला, मग घास गिळताना ती मान वाकडी करायला लागली. नाशिकच्या डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं की घशातली गाठ वाईट आहे आणि जीव वाचवायचा तर आवाजाची पेटीच काढावी लागेल. आमची पाचावर धारण बसली. लोक मला आजही विचारतात की घरात एवढी यंत्रं होती, तर ऑपरेशनच्या आधी तिचं एखादं गाणं का नाही भरून ठेवलं? काय भरणार होतो? गाणारा आवाज कित्येक महिने आधीच गेला होता. उरली होती ती खरखर, आणि तीसुद्धा तिला दुखायची.

ती परत आली तेव्हा तिच्या गळ्याला भोक होतं आणि त्यावर पांढऱ्या फडक्याची घडी. श्वास तिथूनच जायचा-यायचा. जिवंत होती, चालत होती, भाकरी थापत होती, पण घर मेल्यासारखं झालं. हाक मारायची तर ती पळीने ताटावर वाजवायची. बोलायची ते नुसते ओठ हलवून. महिन्याभरात मी तिचे ओठ वाचायला शिकले; समोर बसलं, उजेड असला की सगळं कळायचं, अहिराणीतल्या शिव्यासुद्धा. नानांना मात्र ते कधी जमलं नाही. ती काही म्हणाली की ते माझ्याकडे बघायचे, "काय म्हणते गं?" आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं कॅमेऱ्यातून बघणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोचे ओठ कळू नयेत, ह्याचा मला तेव्हा राग यायचा. आज वाटतं, त्यांचे डोळे तिच्या ओठांवर ठरतच नसतील.

अशात माझं लग्न ठरलं. हळदीचं पहिलं गाणं मुलीच्या आईने उचलायचं ही आमच्या गल्लीची रीत. तिने उचलल्याशिवाय बाकीच्या तोंड उघडत नाहीत. मी नानांना म्हटलं, माझ्या हळदीला गाणंच नको, आणि रडत बसले. मायने ते ऐकलं. तिने माझ्या हाताला धरून ओठांनी विचारलं, "मना एक बी गानं नही का कोठे?" माझं एकही गाणं नाही का कुठे? नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ते त्यांना मोठ्याने सांगितलं. ते उठून पुढच्या खोलीत गेले आणि घरात नमुन्यासाठी ठेवलेल्या कॅसेटी एकामागून एक लावायला लागले.

माय प्रत्येक कॅसेटमध्ये होती. कुठे नवरीच्या मागे, कुठे पाटाशी, कुठे नुसता अर्धा चेहरा. तोंड उघडायची, मान डोलवायची, हात वर करायची, आणि तिच्या तोंडातून सिनेमातल्या कुठल्याशा बाईचं, सतारी-व्हायोलिनवालं गाणं बाहेर यायचं. एका कॅसेटमध्ये तर पुरुषाचा आवाज. दारात उभी राहून माय स्वतःला पाहत होती. पहिल्या दिवशी हसली. दुसऱ्या दिवशी ती दाराशी आली नाही. नाना गिऱ्हाइकांकडे जाऊन त्यांच्या कॅसेटी मागून आणायचे, लोक कौतुकाने द्यायचे, म्हणायचे, "बघा नाना, कशी सुंदर गाणी टाकलीत तुम्ही!"

मग त्यांना धुळ्याची आठवण झाली. एका वर्षी ऐन सराईत आमचं मशीन बिघडलं होतं आणि नानांनी काही लग्नं धुळ्याला, त्यांचे जुने मित्र युसूफभाई ह्यांच्या स्टुडिओत बसून जुळवली होती. युसूफभाईंचं मशीन भारीतलं, हायफाय. त्यात आवाज दोन ठिकाणी भरला जायचा: एक काठावर आणि एक चित्राच्या खाली, लुगड्याच्या अंगातच विणल्यासारखा. लाल बटणाने फक्त काठावरचा पुसायचा. खालचा तसाच राहायचा, पण साध्या व्हीसीआरवर तो ऐकू यायचा नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. "खाले शे ती," नाना मायला म्हणाले. खाली आहे ती. "गानासखाले शे तुना आवाज." त्यांना घरात अहिराणी बोलताना मी फार वर्षांनी ऐकत होते. मायचा चेहरा असा उजळला की मला भीतीच वाटली.

त्या सराईतल्या दोनच लग्नांत माय गायली होती. बोदवडच्या केळीवाल्यांच्या घरी गेलो तर त्यांच्या मुलांनी त्या कॅसेटवर क्रिकेटची मॅच भरून घेतली होती. घरातली म्हातारी नानांपुढे हात जोडून उभी राहिली, तिला नेमकं काय झालंय ते कळत नव्हतं. दुसरं लग्न चाळीसगावचं. त्यांची कॅसेट मात्र प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात, नव्यासारखी. ती घेऊन आम्ही तिघं एसटीने धुळ्याला निघालो. माय खिडकीशी बसली होती, गळ्याच्या फडक्यावर पदर धरून. एरंडोल मागे पडलं, पारोळा आलं. तिने माझ्यासाठी डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला होता. स्वतः तिने काही खाल्लं नाही.

युसूफभाईंनी खुर्ची पुसून दिली. "बैठो भाभी. अभी निकालते आपका गाना." कॅसेट आत गेली. पडद्यावर चाळीसगावचं अंगण, पाटावर पिवळी नवरी, तिच्या शेजारी माय. सिनेमाचं गाणं चालू होतं. युसूफभाईंनी खटका सरकवला आणि गाणं कापल्यासारखं गेलं. आधी नुसती खरखर, मग बांगड्या, कुठेतरी रडणारं मूल, पातेल्यावर पडलेली झाकणी. आणि मग माय. तोच जाडसर, तापलेला आवाज: "हळद लागनी मन्हा मैनाले, आंगन..."

"ए, थांब! थांब जरा!" हा नानांचा आवाज. कॅमेरा त्यांच्याच खांद्यावर, माइक त्यांच्या तोंडाशी, त्यामुळे खोली दणाणली. "गाणं बंद कर. तुझं तोंड मधे येतंय सारखं. बाजूला सरक, मामा दिसू दे."

आणि मायचा आवाज, हळू: "बरं शे. थांबस मी."

पडद्यावरची माय उठली आणि चौकटीच्या बाहेर गेली. युसूफभाईंनी कॅसेट पुढे चालू ठेवली. नाना पुढे वाकून ऐकत होते. मामाचं बोलणं झालं, हळद झाली, बायकांची कुजबुज झाली, कोणी तरी "आता गा ना" म्हणालं, पण कोणी गायलं नाही. कॅसेट संपेपर्यंत आम्ही ऐकलं. माय पुन्हा आलीच नाही.

युसूफभाई भला माणूस. म्हणाले, "भाऊ, उतनीच लाइन बार-बार जोड़ देते. गाना बन जाएगा." नानांनी लगेच मान हलवली. दोघं मशीनला भिडले. तेवढा तुकडा उचलला, दुसऱ्या कॅसेटवर घेतला, पुन्हा मागे, पुन्हा घेतला. हात कामात लागले तसं नानांना बरं वाटत असावं, कारण ते बटणांवर बोटं आपटत युसूफभाईंना सूचना देत होते. जुळवून झाल्यावर लावलं. हळद लागनी मन्हा मैनाले आंगन. हळद लागनी मन्हा मैनाले आंगन. आंगन आणि हळद ह्यांच्या मध्ये प्रत्येक वेळी नानांच्या "ए"चा बारीकसा तुकडा उरला होता, कितीही कापला तरी जाईना. शहाण्या बाईला वेड लागावं आणि तिने तेच तेच बडबडावं, तसं ते ऐकू येत होतं. मायने दोन्ही हातांनी कान झाकले. युसूफभाईंनी मशीन बंद केलं आणि चहा सांगायला म्हणून बाहेर गेले.

माय नानांकडे वळली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून ओठ हलवले, त्यांना कळावं म्हणून. नानांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणते गं?"

मी जसंच्या तसं सांगितलं. "म्हणते, तुमना आवाज चांगला ऊना." तुमचा आवाज चांगला आला.

नाना खाली बघत वायरी गुंडाळायला लागले. त्या वायरी आमच्या नव्हत्या. माय त्यांना टोचून बोलली होती की खरंच त्यांचा आवाज तिला आवडला होता, हे मी पुढे तिला कितीदा तरी विचारलं. तिने एकदाही सांगितलं नाही. नानांनी त्यानंतर एकही लग्न घेतलं नाही. मशीनं कोणाला तरी देऊन टाकली. पलंग परत पुढच्या खोलीत आला, पण तिथे झोपायला कोणालाच आवडायचं नाही.

माझ्या हळदीच्या दिवशी अंगणात गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या. मी पाटावर बसले. रीतीप्रमाणे सगळ्या थांबल्या, मायकडे बघत. कोणाचा खोकला नाही, बांगडी नाही. कॅमेरा नव्हताच, नानांनी दुसऱ्या कोणाला येऊ दिलं नव्हतं आणि स्वतः ते मांडवाच्या बाहेर आचाऱ्यापाशी उभे होते. मायने वाटीतली हळद दोन्ही हातांना लावली, माझ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि माझे गाल हातात धरले. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल आणि मी वाचेन. पण तिने मला जवळ ओढलं, आपला गाल माझ्या गालाला लावला आणि तिचे ओठ हलायला लागले. माझ्या कानाशी. एक कडवं, दुसरं कडवं, थांबत, श्वास घेत, शेवटाला हनुवटी किंचित वर उचलत. तिचा गळा माझ्या खांद्याला टेकला होता, आणि प्रत्येक ओळीचा गरम श्वास त्या फडक्यातून माझ्या खांद्यावर पडत होता. बायकांना वाटलं, आई मुलीला धरून रडते आहे. ती रडत नव्हती, गात होती, माझं नाव घालून गात असेल. पण इतक्या जवळून मला तिचे ओठ दिसत नव्हते.